फुगवून वापरायची कयाक आणि गोदावरीतील एकट्याचा अभ्यासप्रवास : एक परीक्षण

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या की नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याखालून निघायचे, गोदावरीच्या पात्रातून एकट्याने पूर्वेकडे जात राहायचे, वाटेवरच्या शाळांमध्ये थांबून मुलांबरोबर नदीचे पाणी तपासायचे आणि एका शाळेने केलेली नोंद पुढच्या शाळेपुढे ठेवायची, असा बेत हाती घेतल्यावर पहिला प्रश्न नावेचा उभा राहिला. वल्हवणे नाशिक जिल्ह्याला अपरिचित नाही. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात उतरले, तेव्हा ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथेही वल्ह्याची चर्चा झाली. परंतु शर्यतीची नाव वेगळी आणि सामान लादून, ठिकठिकाणी उतरून, पुन्हा पाण्यात घालून न्यायची नाव वेगळी. मागे जीप नाही, सोबत दुसरा माणूस नाही आणि परतीचा प्रवास एसटीने करायचा आहे, या तीन अटी घातल्या की निवडीला फारसा वाव राहत नाही.

येथे जिचे परीक्षण केले आहे ती दोन आसनांची, पीव्हीसीची, फुगवून वापरायची कयाक आहे. लांबी पावणेचार मीटरच्या आसपास, रुंदी मीटरभराला थोडी कमी, पिशवी, पंप आणि वल्ह्यासह वजन वीस किलोच्या आत आणि किंमत चाळीस हजारांच्या आतबाहेर. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हीच बांधणी, हेच व्हॉल्व्ह आणि हीच पिशवी बाजारात वेगवेगळ्या नावांनी विकली जाते आणि पुढे सांगितलेले गुणदोष त्या बांधणीचे आहेत. चाचणी दोन ठिकाणी घेतली : गंगापूर धरणाच्या जलाशयात, जेथे पाणी खोल आणि वारा मोकळा आहे, आणि चांदोरी-सायखेड्याच्या पट्ट्यात, जेथे पात्र संथ, गाळाचे आणि पानवेलींनी भरलेले आहे. मूळ बेत पैठणच्या नागघाटापर्यंत जाण्याचा होता. तो पुढे बदलला, आणि त्या बदलाचे कारण निम्मे नदीत व निम्मे या कयाकमध्ये आहे.

कयाकविषयी बोलण्याआधी नदीविषयी सांगितले पाहिजे, कारण दुकानातील माहितीपत्रकात जी नदी गृहीत धरलेली असते ती गोदावरी नव्हे. ब्रह्मगिरीवर, अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर उगम पावून ही नदी समुद्राकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते, हे आपण शाळेत शिकतो. परंतु नाशिक जिल्ह्यातून बाहेर पडेपर्यंतच तिचे पाणी गंगापूर आणि दारणा या धरणांत अडते, दारणा सांगवीला दारणा येऊन मिळाल्यावर आणि पुढे कादवा मिळाल्यावर नांदूर मध्यमेश्वरला पुन्हा अडते, आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांनी निफाड, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर या तालुक्यांच्या शेतांत व जलद कालव्याने मराठवाड्यातील वैजापूर व गंगापूर तालुक्यांकडे जाते. पावसाळा सरल्यावर पात्रात जे उरते त्यावर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. त्यांच्या फळ्या बसवल्या की नदी वाहायची थांबते आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या लांबट तळ्यांची एक माळ तयार होते. म्हणजे येथे प्रवाह वल्हवणाऱ्याला पुढे नेत नाही. प्रत्येक किलोमीटर दंडाच्या जोरावर मिळवावा लागतो आणि प्रत्येक बंधाऱ्यावर नाव खांद्यावर घ्यावी लागते.

पावसाळ्यात हीच नदी मुळीच उतरू नये अशी असते. नाशिककर पुराची उंची रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. पाणी त्याच्या कमरेला लागले की छातीला, हे विचारले की शहराला पुराचा अंदाज येतो. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ चे पूर ज्यांनी रामकुंडावर पाहिले आहेत त्यांना अधिक सांगायला नको. विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये जाहीर होतात आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे ध्यानात ठेवले तर दहा हजार क्युसेक या शब्दांमागचे पाणी डोळ्यांसमोर येते. पावसाळा संपला म्हणजे निर्धास्त झालो, असेही नाही. जायकवाडीत पाणी कमी असेल तर समन्यायी वाटपाच्या सूत्रानुसार वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते, आणि २०१८ व २०२३ या वर्षी ते पावसाळ्यानंतर सोडले गेले. त्या दिवसांत बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात आणि काल जी तळ्यांची माळ होती ती आज वाहती नदी होते. म्हणून जलसंपदा विभागाच्या पूर नियंत्रण कक्षाशी रोज संपर्क ठेवणे हा या प्रवासाच्या वेळापत्रकाचाच भाग मानावा लागतो.

आता कयाक. तिचा सर्वांत मोठा गुण पाण्याबाहेरचा आहे. गुंडाळून पिशवीत भरली की ती एका मोठ्या बोचक्याएवढी होते आणि सामानाचे तिकीट काढून एसटीच्या डिकीत जाते. कडक प्लॅस्टिकची कयाक पाण्यात हिच्यापेक्षा नक्कीच सरस आहे. ती सरळ जाते, वेगाने जाते आणि काट्याला भीत नाही. पण ती निफाडपर्यंत न्यायला टेम्पो लागतो, प्रवास जेथे संपवायचा त्या कायगावहून परत आणायला दुसरा टेम्पो लागतो, आणि मध्येच प्रवास सोडून द्यावा लागला तर ती नदीकाठी कोणाच्या तरी वस्तीवर ठेवून यावे लागते. एकट्या माणसाला कोणत्याही गावातून, कोणत्याही दिवशी, दुसऱ्याला न बोलावता घरी परतता येणे ही सोय वेगापेक्षा मोठी आहे. तीच सुरक्षितताही आहे. केवळ या एका कारणासाठी मी हिला पसंती दिली, आणि चाचणीनंतरही ते मत कायम आहे.

पिशवीच्या पट्ट्यांविषयी मात्र चांगले बोलता येत नाही. वीस किलोच्या आतले वजन कागदावर हलके वाटते, परंतु पट्टे अरुंद आहेत, कमरेचा पट्टा नाही आणि ओली कयाक गुंडाळल्यावर तिच्या घड्यांत राहिलेले पाणी आणि चिखल वजनात भर घालतात. बंधाऱ्यावरून नेताना हवा न काढता कयाक ओढत किंवा डोक्यावर घेऊन जाणे सोयीचे ठरते. अशा वेळी मागे-पुढे असलेल्या कडीदोऱ्या भक्कम आहेत, हे आवर्जून नोंदवतो. दोन चाकांची छोटी ट्रॉली वेगळी विकत मिळते आणि विक्रेते तिची भलामण करतात. डांबरी रस्त्यावर ती ठीक आहे, पण नदीकाठच्या काळ्या मातीत ती रुतते आणि उसाच्या बांधावरून चालत नाही. ते पैसे वाचवावेत.

फुगवायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. तीन कप्पे आहेत : दोन बाजूंना आणि एक तळाला. तळाचा कप्पा ड्रॉप-स्टिच पद्धतीचा आहे. म्हणजे वरचा व खालचा पडदा हजारो धाग्यांनी एकमेकांशी जोडलेले असतात आणि जास्त दाब भरला तरी तो फुगत नाही, फळीसारखा सपाट व कडक राहतो. या तळामुळेच कयाक लाटेवर वाकत नाही आणि वर बसून काही लिहिता येते. जुन्या पद्धतीच्या, नळ्यांचा तळ असलेल्या स्वस्त कयाक निम्म्या किमतीत मिळतात, पण सामान लादल्यावर त्या मध्यभागी खचतात. लांबच्या प्रवासाला त्यांचा विचार करू नये. सोबत आलेला दुहेरी कामाचा हातपंप उत्तम आहे, त्यावरचा दाबमापक मात्र कमी दाबाला विश्वसनीय वाचन देत नाही आणि बाजूच्या कप्प्यांना नेमका कमी दाबच हवा असतो.

या दाबाच्या बाबतीत आपल्याकडच्या उन्हाचा हिशेब माहितीपत्रकात नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सकाळी २५ अंश सेल्सिअसला बाजूच्या कप्प्यांत ३ पीएसआय (दर चौरस इंचावर ३ पौंड) दाब भरला आणि दुपारी काठावर उन्हात ठेवलेल्या कयाकमधली हवा ५० अंशांपर्यंत तापली, तर मापकावरचा दाब जवळजवळ साडेचार पीएसआयवर जातो. तापमानाच्या प्रमाणात वाढतो तो मापकावरचा आकडा नव्हे, तर वातावरणाचा दाब धरून होणारा एकूण दाब. तो आठ टक्क्यांनी वाढला की मापकावरचा आकडा जवळजवळ दीडपट दिसतो. शिवणी सुटतात त्या अशाने. त्यामुळे शाळेत थांबायचे असेल तेव्हा कयाक सावलीत उलटी ठेवावी किंवा थोडी हवा सोडून द्यावी, आणि संध्याकाळी थंड पाण्यात उतरताना पुन्हा भरावी. पण हाच दोष अभ्यासप्रवासात कामाला येतो. शाळेच्या पटांगणात मुलांनी पंप मारायचा, दाब टिपायचा, तासभर उन्हात ठेवून पुन्हा टिपायचा आणि दोन आकड्यांतला फरक स्वतः समजावून सांगायचा, हा पाठ फळ्यावर शिकवण्यापेक्षा सरस होतो. कडक प्लॅस्टिकच्या कयाकभोवती मुले जमतील आणि पाहतील. हिच्याभोवती त्यांना काही करता येते.

पाण्यावर ती स्थिर आहे. रुंद तळामुळे ती सहसा उलटत नाही, वाकून बाटलीत पाण्याचा नमुना घेता येतो आणि दोन्ही हात मोकळे ठेवून दुर्बीण धरता येते. अशा कामासाठी अरुंद, चपळ कयाक निरुपयोगी ठरली असती. वेग मात्र बेताचा आहे : संथ पाण्यात, सामान लादून, दमछाक न होऊ देता ताशी चार किलोमीटरच्या आसपास. नियोजनात मी याहूनही कमी धरतो, कारण ताशी चारचा हिशेब सकाळच्या वाऱ्याविना पाण्याचा आहे. दोन आसनांची कयाक एकट्याने चालवायची तर आसन मध्यापासून जरा मागे बांधावे लागते. मग नाक वर उठते, वारा नाकाला धरतो आणि नाव वाऱ्याकडे किंवा वाऱ्यापासून वळत राहते. यावर उपाय सोपा आहे. पिण्याच्या पाण्याचे कॅन आणि जड सामान पुढे ठेवले की नाक बसते. माहितीपत्रकात एकट्याने चालवण्याचे जे चित्र आहे त्यात पुढे काहीच सामान नाही. ते चित्र पाहून कोणी निघाला तर पहिल्या तासातच कंटाळेल.

वाऱ्याची दिशा हा प्रश्न नावेचा नसून ऋतूचा आहे, तरी नाव घेताना त्याचा विचार करावाच लागतो. हिवाळ्यात दख्खनवर वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो आणि गोदावरी पूर्वेकडे वाहते. म्हणजे जेव्हा पात्रात पाणी असते तेव्हा वारा समोरून येण्याचा संभव अधिक. फुगवलेली नाव पाण्यावर उंच बसते आणि समोरच्या वाऱ्याला तिची सारी भिंत मिळते. गंगापूरच्या जलाशयात दुपारी वारा वाढल्यावर वल्हे मारणे थांबवले की ती मागे जाऊ लागते, हे पाहिल्यावर दिवसाचा प्रवास पहाटे सुरू करून अकराच्या आत उरकायचा आणि नंतरचा वेळ शाळेला द्यायचा असे वेळापत्रक ठरवले. सुदैवाने शाळेची वेळही त्याला जुळते.

पानवेलींच्या बाबतीत हिची वागणूक अपेक्षेहून बरी निघाली. गोदावरीत शहराचे सांडपाणी मिसळते, त्यातील नत्र आणि फॉस्फरसवर पानवेली पोसतात, पहिल्या पुराबरोबर त्या खाली वाहून जातात आणि सायखेड्याच्या पुलाला व पुढे नांदूर मध्यमेश्वरला अडकतात. पावसाळ्यानंतर पुन्हा त्यांची वाढ सुरू होते. विरळ थरावरून ही कयाक सरपटत जाते, फक्त तळाचे फिन काढून ठेवावे लागते, नाहीतर त्यात मुळ्या गुंततात. फिन नसले की नाव सरळ जात नाही, आणि पानवेलीतून बाहेर आल्यावर ते पुन्हा बसवायचे तर काठाला लागावे लागते. ते पाण्यातून, वर बसूनच काढता-घालता येईल अशी खाच केली असती तर ही गैरसोय टळली असती. दाट थर असेल तर मात्र कोणत्याही नावेने प्रयत्न करू नये. पानवेलींच्या चटईत अडकलेल्या माणसाला ना पोहता येते ना चालता येते.

खरा शत्रू काटा आहे. गोदाकाठी वेडी बाभूळ माजलेली आहे, तिच्या तुटलेल्या फांद्या पुराबरोबर येऊन उथळ पाण्यात रुतून बसतात आणि जेथे नाव काठाला लावायची नेमके तेथे काटे असतात. पीव्हीसीचा थर बेसॉल्टच्या गुळगुळीत खडकावर घासला तरी टिकतो. सरळ घुसणाऱ्या काट्यापुढे त्याचे काही चालत नाही. दुरुस्तीच्या पिशवीत दिलेले ठिगळ पुरेसे आहे, डिंक मात्र एवढासा दिला आहे की एकदा नळी उघडली की उरलेला वाळून जातो. येथे एक व्यवहारातली गोष्ट सांगितली पाहिजे : गावोगावी पंक्चर काढणारे असतात म्हणून निर्धास्त राहू नये, कारण ट्यूबसाठीचे रबराचे सोल्युशन पीव्हीसीला धरत नाही. तात्पुरते चिकटते आणि दाब भरला की सुटते. पीव्हीसीसाठीचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन डिंक वेगळा घेऊन ठेवावा, आणि फाटलेले मोठे असेल तर ट्रकची पीव्हीसी ताडपत्री गरम हवेने जोडून देणारा कारागीर गाठावा. तो पंक्चरवाल्यापेक्षा उपयोगी पडतो. शेततळ्याचा कागद जोडणारे लोकही हेच काम करताना दिसतात, परंतु तो कागद बहुधा वेगळ्या प्लॅस्टिकचा असतो, तेव्हा त्याचे ठिगळ लावू देऊ नये.

सामानाच्या बाबतीत उत्पादकाने सांगितलेला भार दोनशे किलोच्या घरात आहे आणि एकट्या माणसाला तो भरपूर होतो. पण जागा आणि भार यांत फरक असतो. बाजूंच्या फुगीर कप्प्यांमुळे आतली रुंदी कमी होते, आणि तंबू, स्वयंपाकाचे साहित्य, पाणी व शाळेचे साहित्य एवढे सगळे बसवताना पायांना जागा उरत नाही. म्हणून तंबू वगळला. काठच्या गावांत शाळा आहेत, मंदिरांच्या धर्मशाळा आहेत आणि श्रीरामपूर व वैजापूरच्या हद्दीवर नदीच्या मध्यावर सराला बेट आहे, जेथे गंगागिरी महाराजांचा मठ आहे. आधी कळवले तर मुक्कामाची सोय होऊ शकते. गावात झोपायचे ठरले की सामान निम्मे होते, आणि अभ्यासप्रवासात गावापासून दूर झोपण्याचा उपयोगही नाही.

शाळेचे साहित्य थोडेच, पण ते कोरडे राहिले पाहिजे. पीएच आणि विद्राव्य घटक मोजणारी खिशातली साधने, तापमापी, गढूळपणा पाहण्यासाठी दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी आणि विद्राव्य प्राणवायूच्या चाचणीच्या बाटल्या एवढ्यावर भागते. प्राणवायूची चाचणी विंकलर पद्धतीने करायची तर शेवटी गंधकाम्ल लागते आणि ते फुगवलेल्या नावेत नेण्याचा विचारही करू नये. पहिली दोन द्रावणे काठावर घालून नमुना स्थिर करावा, बाटली अंधारात ठेवावी आणि त्याच दिवशी माध्यमिक विद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली आम्ल घालून पुढची पायरी करावी. स्वच्छ पाण्यात २५ अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो आणि स्नानाच्या पाण्यासाठीचा केंद्रीय निकष किमान पाच मिलिग्रॅमचा आहे. ज्या गावात घाट आहे, ज्या घाटावर आजी पर्वणीला डुबकी मारते, त्या गावच्या मुलांनी हा आकडा स्वतः काढला की पुढचा प्रश्न त्यांच्याच तोंडून येतो. निफाडच्या मुलाला नदी धरणातून सोडलेले आवर्तन म्हणून माहीत असते, वैजापूरच्या मुलीला ती वरच्यांनी अडवलेले पाणी म्हणून माहीत असते. दोघांच्या वह्या एकमेकांना दाखवणे हाच या प्रवासाचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी प्रत्येक तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र आधी घ्यावे आणि केंद्रप्रमुखांना तारीख न सांगता आठवडा सांगावा, कारण वारा आणि विसर्ग तारखा पाळत नाहीत.

परवानग्यांविषयी थोडक्यात. नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, २०२० मध्ये रामसर यादीत जाहीर झालेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र आहे आणि हिवाळ्यात तेथे पक्ष्यांची दाटी असते. वनविभागाच्या परवानगीशिवाय तेथे नाव घालता येत नाही आणि शिकवायला निघालेल्या माणसाने ती मागूही नये. मुलांना निरीक्षण मनोऱ्यावरून पक्षी दाखवावेत आणि नाव बंधाऱ्याच्या खाली, अभयारण्याच्या हद्दीबाहेर पाण्यात घालावी. नाशिक शहरातला पट्टाही वगळावा. तपोवनाच्या खाली पाण्यावर फेस दिसतो आणि त्या पाण्याचे शिंतोडे तोंडावर घेत वल्हवण्यात शहाणपण नाही. त्या भागाचे नमुने पुलावरून बादली सोडून घेता येतात.

जीवरक्षक जॅकेट खोक्यात मिळत नाही. ते विकत घेताना ५० न्यूटनचे साधे तरंगजॅकेट आणि १०० न्यूटनचे, बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्याच्या दृष्टीने केलेले जॅकेट यांतला फरक विचारून घ्यावा. पहिले वल्हवायला सोयीचे आहे, दुसरे अवजड. सोबतीला कोणी नसल्याने मी दुसरे घेतले आणि त्यामुळे खांद्याला होणारा अडथळा सोसतो. शिट्टी आणि जलरोधक पिशवीतला फोन अंगावर असावा, नावेत नव्हे. नदीकाठी शेतकऱ्यांच्या मोटारींच्या रांगा असतात, त्यांच्या केबली कधी बांबूवर, कधी थेट पाण्याकडेने ओढलेल्या असतात आणि सोबत आलेले वल्हे अ‍ॅल्युमिनियमचे आहे. काठाला लागण्यापूर्वी वर आणि खाली दोन्हीकडे पाहावे. शक्य असेल तर फायबरग्लासचा दांडा असलेले वल्हे वेगळे घ्यावे. वाळूचा उपसा चालला असेल त्या ठिकाणी थांबू नये. तेथील खड्डे खोल असतात आणि तेथे थांबून प्रश्न विचारणारा अनोळखी माणूस कोणाला नको असतो.

कोपरगाव, पुणतांब्याचे चांगदेवांचे समाधिस्थान, सराला बेट आणि मग टोक्याजवळचा प्रवरासंगम, एवढ्या पट्ट्यासाठी ही कयाक पुरेशी आहे असे माझे मत झाले. शिकवण्यालाही या पट्ट्यात तोटा नाही. प्रवरेच्या काठी नेवासे आणि दायमाबाद आहेत, जेथील उत्खननांनी या खोऱ्यातील ताम्रपाषाण वस्त्यांची माहिती दिली. पाण्याच्या काठी गाव का वसते, हा प्रश्न तेथे पुस्तकाबाहेर विचारता येतो.

प्रवरासंगमाच्या पुढे मात्र नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, सुरू होतो. जायकवाडी समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांच्या पातळीपर्यंत भरले की फुगवटा कायगाव-टोक्यापर्यंत येतो आणि सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरचा जलाशय उघडा पडतो. तेवढ्या मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला लाटा उठवायला भरपूर लांबी मिळते, काठ दूर असतो, जेथे पाणी ओसरले आहे तेथे गुडघाभर गाळ आणि त्यापलीकडे गाळपेर असते, आणि चप्पूवरून मासे धरणाऱ्यांची जाळी पाण्याखाली पसरलेली असतात, ज्यांत फिन अडकले तर त्यांचे नुकसान आणि आपला खोळंबा. शिवाय तेही पक्षी अभयारण्य आहे. ताशी चार किलोमीटर जाणारी, वाऱ्याला भिंत देणारी, पाण्यावर उंच बसणारी नाव घेऊन एकट्याने तेथे उतरणे योग्य नाही. त्या पाण्यासाठी लांब, कडक, बंद डेकची कयाक आणि दुसरी नाव सोबतीला हवी. म्हणून नाव कायगावला गुंडाळायची आणि पैठणला एसटीने जाऊन धरणाच्या भिंतीवरून मुलांच्या शेवटच्या वहीसाठी पाणी दाखवायचे, असा बदल केला आहे.

विक्रीपश्चात सेवेबद्दल समाधान नाही. व्हॉल्व्हची झाकणे आणि फिन हे सुटे भाग वेगळे मागवता येतात, पण विक्रेत्याकडे ते साठ्यात नसतात आणि यायला महिना लागतो. खरेदीच्या वेळीच एक फिन आणि व्हॉल्व्ह फिरवायची किल्ली जास्तीची मागून घ्यावी. हमी शिवणींपुरती आहे, काट्यांना ती लागू नाही, आणि उन्हाने दाब वाढून सुटलेली शिवण कोणाच्या खात्यात जाते हे हमीपत्रात लिहिलेले नाही. तेवढे बिलावर लिहून देण्याची तयारी ज्या दुकानदाराची असेल त्याच्याकडूनच कयाक घ्यावी. ज्यांना फक्त रविवारी सकाळी जलाशयात फेरफटका मारायचा आहे त्यांनी एवढे पैसे घालू नयेत. गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर जाऊन पाण्यावर जाण्याची हौस भागते. ज्यांच्याकडे मोठी गाडी आणि सोबतीला माणूस आहे त्यांनी कडक कयाक घ्यावी. उरला तो एकटा निघणारा आणि गावागावांत थांबणारा माणूस. त्याने ही घ्यावी, डिंकाची दुसरी नळी घ्यावी आणि ट्रॉली घेऊ नये.